सरनोबत नेताजी पालकर : चाकरी सुटल्यानंतरची दहा वर्षे

कुरवंडे गावापासून नागफणीच्या अंगाने एक जुना घाट खाली चावणीकडे उतरतो. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान ह्याच घाटाने आपली फौज घेऊन कोकणात उतरू लागला. उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांनी त्यास असा कोंडला की, जवळचे सर्व सामान टाकून केवळ जीव घेऊन त्यास परत फिरावे लागले. ही हकीकत आपल्या भागातील लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या विजयानंतर महाराज दाभोळच्या बाजूस गेले, तेव्हा मोगलांवर नजर ठेवण्यासाठी त्यांनी ज्यास मागे ठेविले तो घोडदळाचा सरनोबत नेताजी पालकर होय. खालापूर तालुक्यातील चौक हे त्याचे गाव असे सांगतात. म्हणजे आपल्या घाटाखालचाच हा मनुष्य. त्याच्या शौर्याच्या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. आम्ही त्याची आठवण आज वेगळ्या कारणाने करीत आहो. त्यास चाकरीवरून दूर करण्यात आले होते. आणि आमच्या मंडळ्यांतील दोन घरी नुकतीच तशीच बातमी आली आहे.

नेताजीची योग्यता लहान नव्हती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान पडला. त्यानंतर खानाच्या फौजेची दाणादाण उडवून थेट विजापुराच्या मुलखापर्यंत धडक मारणाऱ्यांत नेताजी पुढे होता. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहराने महाराजांस पन्हाळ्यावर वेढिले, तेव्हा सिद्दी हिलालास बरोबर घेऊन बाहेरून वेढा फोडण्याचा त्याने यत्न केला. तो सिद्धीस गेला नाही. यश आणि अपयश ही दोन्ही त्याने धन्याच्या पदरी राहून पाहिली. मोगल त्यास दुसरा शिवाजी म्हणत. शत्रूने दिलेले असे नाव फार थोड्यांच्या वाट्यास येते.

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. महाराजांस तेवीस किल्ले द्यावे लागले, आणि मिर्झा राजा जयसिंगाबरोबर विजापुरावर चालून जाणे प्राप्त झाले. त्या मोहिमेत १६ जानेवारी १६६६ रोजी महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला केला. नेताजीने आपल्या फौजेनिशी नेमक्या वेळी यावयाचे होते. तो वेळेवर पोहोचला नाही. हल्ला फसला आणि सुमारे एक हजार माणसे कामास आली. महाराजांनी, समयास का आला नाहीस असा जाब विचारून, त्याची सरनोबती काढून घेतली.

ह्यात न्याय किती व संताप किती, हे तोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याची हजार माणसे एका रात्रीत गेली त्या धन्याचे दुःख मोठे होते, हे खरे. ज्याची इतक्या वर्षांची चाकरी एका दिवसाच्या उशिरापुढे हलकी ठरली त्याचेही दुःख लहान नव्हते. आमचे लक्ष त्या जाबाकडे नाही. त्यानंतरच्या दोन महिन्यांकडे आहे.

नेताजी तडक विजापुरास जाऊन मिळाला. आदिलशाहीने त्यास चार लक्ष होन दिल्याचे सांगतात. हा सारा महाराजांचाच गुप्त डाव होता असे म्हणणारेही आहेत. पुढे जे घडले ते पाहता आम्हांस तसे वाटत नाही. विजापुराकडून तो मोगलांच्या मुलखात लुटालूट करू लागला, तेव्हा जयसिंगाने त्यास आपल्याकडे ओढण्याचा चंग बांधिला. पाच हजारी मनसब, चांगल्या उत्पन्नाची जहागीर आणि रोख अडतीस हजार रुपये, इतके देऊन २० मार्च रोजी त्याने नेताजीस मोगलांच्या चाकरीत घेतले. जानेवारीत एक धनी, मग दुसरा, आणि मार्चात तिसरा!

वरवर पाहता ह्यास भरभराटच म्हणावे. पूर्वी सरनोबत होता, आता पंचहजारी झाला. परंतु जयसिंगाने विकत काय घेतले, हे पाहावे. केवळ तलवार चालविणारी माणसे त्याच्याकडे थोडी नव्हती. नेताजीस महाराजांची प्रत्येक वाट, प्रत्येक खिंड, प्रत्येक माणूस ठाऊक होता. आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती न जावा, ह्यासाठीही ही किंमत होती. अशी किंमत जोवर कामाची असते तोवरच टिकते.

येथे थोडे थांबून सांगतो. ज्या दोन घरांचा वर उल्लेख केला त्यांतील एक तरुण आमच्याकडे आला व म्हणाला की, धन्याच्या चढाओढीत असलेल्या दुकानदाराने त्यास बोलाविले आहे, पगारही अधिक देऊ केला आहे; मात्र जुन्या गिऱ्हाइकांची सारी माहिती बरोबर आणावी लागेल. त्याच्यावर अन्याय झाला आहे असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही त्यास सांगितले. दुसरीकडे चाकरी करण्यास कोणाची ना नाही. पण त्या वह्या घेऊन जाऊ नकोस, आणि ह्या आठवड्यात होकार देऊ नकोस, असेही सांगितले. त्याऐवजी राहिलेला पगार मागून घ्यावा, इतकी वर्षे काम केल्याचा लेखी दाखला मागावा, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद तपासावे, काढून टाकिले असता राजीनाम्यावर सही करू नये, आणि आज घरी गेल्याबरोबर बायकोस खरे ते सांगावे. कित्येक जण आठ आठ दिवस डबा घेऊन घराबाहेर पडतात व स्टेशनावर बसून संध्याकाळी परत येतात, हे आम्ही पाहिले आहे.

आता नेताजीकडे वळू. ज्या मार्चात त्याने मोगली मनसब घेतली त्याच मार्चाच्या आरंभी, ५ तारखेस, महाराज राजगडावरून आग्र्यास निघाले होते. मे महिन्यात तेथे त्यांचा अपमान होऊन ते नजरकैदेत पडले आणि १७ ऑगस्ट रोजी निसटले. ही बातमी येताच बादशहाचा विश्वास उडाला. कालवर ज्याच्या माहितीसाठी पैसे मोजले, त्याच माहितीमुळे नेताजी आता संशयाचा धनी ठरला. ऑक्टोबरात दख्खनेतील मोगली छावणीतच त्यास कैद करून उत्तरेस नेले. चुलता कोंडाजी आणि घरच्या स्त्रियाही त्या फेऱ्यात सापडल्या. कैदेत त्यास मुसलमान व्हावे लागले व महंमद कुलीखान असे नाव मिळाले. तो १६६७ चा आरंभ होता. साखळदंडात घेतलेल्या अशा कबुलीस श्रद्धा हे नाव आम्ही देऊ शकत नाही, मग ती कोणत्याही धर्माची असो. पुढे त्यास काबूलच्या बाजूस पाठविले. वाटेत लाहोराजवळ त्याने पळून जाण्याचा यत्न केला, पण तो साधला नाही. चौकच्या ह्या माणसाने सह्याद्रीपासून शेकडो कोस दूर, अफगाणांच्या डोंगरांत, नऊ वर्षे घालविली.

इकडे त्याच्या जागी कडतोजी गुजर आला होता. महाराजांनी त्यास प्रतापराव ही पदवी दिली. त्याचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण बोल त्यालाही लागला. त्याने बहलोलखानास उमराणीस कोंडून सोडून दिले, त्यावरून महाराजांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली. तो शब्द प्रतापरावाच्या काळजास इतका लागला की, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत अवघ्या सहा स्वारांनिशी तो खानाच्या सैन्यावर तुटून पडला व सातही जण मारले गेले. लोक ह्यावर गाणी गातात. प्रतापरावाविषयी आम्हांस आदरच आहे. तरी ज्याच्या डोळ्यांपुढे आज नोकरी गेल्याचा अंधार आहे त्या तरुणापुढे आम्ही नेसरीचा कित्ता ठेवणार नाही. धन्यास राग आला होता, पण त्यास सरनोबत हवा होता. सहा स्वारांसह त्यास गमावून महाराजांच्या पदरी शोकच आला. नेताजी रागाने गेला, प्रतापराव लाजेने गेला. दोघांनीही दुसरा दिवस उजाडू दिला नाही.

इ. स. १६७६ मध्ये मोगलांनी नेताजीस दख्खनच्या मोहिमेवर परत पाठविले. दहा वर्षांपूर्वी ज्या मुलखातून तो कैदी होऊन गेला होता तोच मुलूख पुन्हा दिसला, आणि तो छावणी सोडून महाराजांकडे आला. रायगडाची ती वाट त्यास किती जड गेली असेल! ज्याने आपणांस दूर केले, ज्यास आपण सोडून शत्रूस मिळालो, त्याच्याच दारी, वेगळे नाव आणि वेगळा वेष घेऊन उभे राहावयाचे होते. महाराज तोवर छत्रपती झाले होते. त्यांनी नुसते नाही म्हटले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी त्यास ठेवून घेतले. जून महिन्यात प्रायश्चित्त देऊन त्यास पुन्हा स्वधर्मात व जातीत घेण्यात आले, आणि ज्याचा त्या काळी विटाळ मानला जात असे त्यास पंगतीस बसता आले. धनी म्हणून जे कोणी हे वाचीत असतील, त्यांनी महाराजांच्या जानेवारी १६६६ च्या शब्दाबरोबर हा जून १६७६ चाही शब्द वाचावा.

सरनोबती मात्र प्रतापरावामागून हंबीरराव मोहित्याकडे गेली होती, आणि ती त्याच्याकडेच राहिली.