शंकर गुहा नियोगी : जीवन आणि न्याय

२८ सप्टेंबर १९९१ ची पहाट. भिलाईच्या हुडको वसाहतीतील एका साध्या घरात शंकर गुहा नियोगी गाढ झोपले होते. खोलीची खिडकी उघडी होती. पावणेचारच्या सुमारास त्या खिडकीतून कोणीतरी गोळी झाडली आणि कामगारांच्या या नेत्याचे जीवन वयाच्या ४८ व्या वर्षी संपले. मारेकरी अंधारात निसटला. मागे राहिल्या त्या काही निर्जीव वस्तू. या वस्तू न्यायालयात काय सांगू शकल्या आणि कोठे मुक्या राहिल्या, हे समजण्यासाठी आधी नियोगींचे जीवन जाणून घेतले पाहिजे.

त्यांचा जन्म १९४३ साली बंगालमधील जलपाईगुडी येथे एका निम्नमध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मूळ नाव धीरेश. आसनसोलच्या कोळसा खाणींच्या परिसरात काही काळ राहत असताना खाणकामगारांचे कष्टाचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. साठच्या दशकाच्या आरंभी ते भिलाईस आले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेला तेथील पोलाद कारखाना नुकताच सुरू झाला होता. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे रोजगारासाठी तेथे येत होती. धीरेश कारखान्याच्या कोक भट्टी विभागात काम करू लागले. पुढे कामगार चळवळीतील सहभागामुळे त्यांची नोकरी गेली.

नोकरी गेली, तरी त्यांनी छत्तीसगढ सोडले नाही. शंकर हे नाव धारण करून ते खेडोपाडी हिंडले. मिळेल ते काम करीत त्यांनी छत्तीसगढी भाषा आत्मसात केली. दानीटोला येथील खाणीत ते मजूर म्हणून राबले. तेथेच काम करणाऱ्या आशा यांच्याशी त्यांनी विवाह केला. बाहेरून आलेला हा तरुण हळूहळू त्या मातीचाच झाला. आणीबाणीच्या काळात त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

१९७७ साली सुटका झाल्यावर ते दल्ली-राजहरा येथे गेले. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज याच खाणींतून येत असे. हजारो स्त्री-पुरुष ठेकेदारांच्या हाताखाली कुदळ-घमेल्याने खनिज काढीत. कारखाना त्यांच्या घामावर चाले. पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावे नसत. ज्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही, त्याला आपण राबलो हे सिद्ध करणेही अवघड जाते. या मजुरांनी नियोगींच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना पकडून नेले. संतप्त मजुरांवर त्या रात्री व दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला आणि ११ जण मृत्युमुखी पडले.

नियोगींचे वेगळेपण यानंतर दिसून आले. वेतनवाढीच्या लढ्याबरोबरच त्यांनी दारूबंदीची मोठी मोहीम चालविली. वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यात जाऊ नये, अशी त्यांची धडपड होती. गोळीबारात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी वर्गणी आणि श्रमदान यांतून रुग्णालय बांधले. ३ जून १९८३ रोजी सुरू झालेले हे शहीद रुग्णालय गोरगरिबांचे आधारस्थान बनले. खाणींत यंत्रे आणताना माणसांचे काम हिरावले जाऊ नये, म्हणून अर्धयांत्रिकीकरणाचा पर्यायही संघटनेने मांडला. छत्तीसगढ मुक्ती मोर्चा या नावाने ही चळवळ पुढे विस्तारली. १८५७ साली फाशी गेलेल्या वीर नारायण सिंह यांची स्मृती तिने पुन्हा जागविली.

१९९० मध्ये नियोगींनी भिलाई परिसरातील खासगी कारखान्यांकडे लक्ष वळविले. तेथील ठेका कामगारांना पुरेसे वेतन, कायम नोकरी आणि संघटना करण्याचा हक्क मिळावा, ही मागणी होती. संघर्ष तीव्र झाला. नियोगींना पुन्हा तुरुंगात जावे लागले. जिवाला धोका असल्याची जाणीव त्यांना होती. सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांनी दिल्लीस जाऊन कामगारांचे गाऱ्हाणे राष्ट्रपतींपुढे मांडले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांची हत्या झाली.

आता प्रश्न होता पुराव्याचा. गंभीर गुन्ह्याच्या तपासात घटनास्थळी मिळालेली प्रत्येक वस्तू पंचांसमक्ष नोंदविली जाते. ती कोठे, कशा स्थितीत सापडली हे पंचनाम्यात लिहिले जाते. मग ती वेष्टनात घालून तिच्यावर चिठ्ठी आणि लाखेची मोहोर लावतात. शवविच्छेदनात शरीरातून काढलेले छर्रेही असेच मोहोरबंद केले जातात. पुढे हा मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, तेथून प्रयोगशाळेत आणि शेवटी न्यायालयात जातो. प्रत्येक टप्प्यावर तो कोणी दिला व कोणी घेतला, याची नोंद ठेवावी लागते. एक जरी दुवा निसटला, तरी न्यायालयात आलेली वस्तू तीच आहे काय, अशी शंका उपस्थित होते.

नियोगी हत्येचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. ज्याच्यावर गोळी झाडल्याचा आरोप होता, तो १९९३ साली पकडला गेला. तपासात गावठी पिस्तूल हस्तगत झाले. अशा हत्याराची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या छर्ऱ्यांवर ते विशिष्ट हत्यार ओळखण्याजोग्या खुणा उमटत नाहीत. छर्रे तशा हत्यारातून सुटलेले असू शकतात, एवढेच तज्ज्ञाला सांगता येते. ठाम ओळख पटवायची, तर काडतुसाच्या बुडावरील आघाताची खूण उपयोगी पडते. म्हणूनच रिकामे काडतूस सापडणे आणि ते जपणे यांना मोठे महत्त्व असते.

नियोगींच्या मृत्यूनंतर त्यांची रोजनिशी आणि त्यांच्याच आवाजातील एक ध्वनिफीतही पुढे आली. आपल्या हत्येची शक्यता त्यांनी तीत बोलून दाखविली होती. परंतु भीती व्यक्त होणे आणि कट सिद्ध होणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर असते. दुर्ग येथील सत्र न्यायालयाने १९९७ साली गोळी झाडणाऱ्यास फाशीची, तर उद्योजकांसह काही जणांस जन्मठेपेची शिक्षा दिली. १९९८ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. अखेर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्यास जन्मठेप दिली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली. झडतीच्या रीतीवरही या खटल्यात वाद झाला. केवळ झडती सदोष म्हणून पुरावा सर्वस्वी बाद होत नाही. आरोपीवर त्यामुळे गंभीर अन्याय होतो काय, हे न्यायालयाने पाहावे, असे तत्त्व या निकालात मांडले गेले.

हत्येपासून अंतिम निकालापर्यंत १३ वर्षांहून अधिक काळ लोटला. भिलाईच्या कामगारांसाठी न्याय मारेकऱ्यापाशी येऊन थांबला. कट होता काय आणि असल्यास कोणाचा, हे न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाही.

पुढे कायदा बदलला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आवश्यक केले. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूदही तीत आहे. तरीही पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या सामान्य नागरिकाचे दायित्व कमी झालेले नाही. पंचनामा वाचून किंवा वाचून घेऊन, जे प्रत्यक्ष पाहिले तेच त्यात आहे याची खात्री करून मगच त्याने सही अथवा अंगठा द्यावा. ज्यांची नावे हजेरीपटावर नव्हती, अशा माणसांसाठी नियोगी आयुष्यभर झगडले. खरी आणि पूर्ण नोंद किती मोलाची असते, हे त्यांच्या जीवनातून कळते. त्यांच्या मृत्यूनंतरच्या खटल्यातूनही कळते.