महादजी शिंदे

महादजी शिंदे (जन्म: इ.स. १७३० च्या सुमारास, मृत्यू: १२ फेब्रुवारी १७९४, वानवडी, पुणे) हे अठराव्या शतकातील मराठा सेनानी व मुत्सद्दी होते. पानिपतच्या रणांगणावर कायमचे अधू होऊनही उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांचे वर्चस्व पुन्हा प्रस्थापित करणारे सरदार म्हणून ते ओळखले जातात.

== पानिपत ==

महादजी हे राणोजी शिंदे यांचे पुत्र. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड हे घराण्याचे मूळ गाव. थोरले बंधू जयाप्पा १७५५ मध्ये नागौर येथे मारले गेले; दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुकोजी कामी आले आणि पुतणे जनकोजी पकडले जाऊन ठार झाले. रणांगणातून निघालेल्या महादजींचा एका अफगाण स्वाराने दूरवर पाठलाग केला, त्यांच्या पायावर घाव घातला आणि अंगावरचे मौल्यवान जिन्नस काढून घेऊन त्यांना तेथेच सोडले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. पाय मात्र कायमचा लंगडा झाला. तो पाठलाग पुढे अनेक वर्षे आपल्या स्वप्नात येत असे, असे महादजी सांगत, अशी नोंद जॉन माल्कम यांनी केली आहे.

राणेखानाला महादजींनी भाऊ मानले. केवळ कृतज्ञतेपोटी जहागीर देऊन ते थांबले नाहीत. पाणी वाहणारा हा माणूस पुढे त्यांच्या फौजेचा प्रमुख सेनापती झाला.

== पुनरुत्थान ==

जखम भरली तरी दौलत हाती नव्हती. महादजींच्या औरसपणावर आक्षेप घेण्यात आला आणि रघुनाथरावांचा कल इतर वारसांकडे होता. अखेर १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी सरदारी महादजींना दिली. तीनच वर्षांत मराठी फौजा दिल्लीत शिरल्या आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशाह शाहआलम पुन्हा राजधानीत आला. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांत हे घडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कोल्हापूरकर आणि पटवर्धन यांच्या संघर्षात आजच्या शिरोळ तालुक्याचा कृष्णाकाठ दीर्घकाळ होरपळला. त्या संघर्षात १७७८ च्या सुमारास पेशव्यांच्या वतीने महादजींनी कोल्हापूरवर स्वारी केली. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना शरण आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला. फ्रेंच लष्करी पद्धतीत मुरलेल्या द बॉईन यांच्याकरवी त्यांनी कवायती पलटणी उभारल्या.

१७८७ मध्ये लालसोट येथे त्यांना माघार घ्यावी लागली. बादशाही पलटणी शत्रूला मिळाल्या आणि उत्तरेतील सत्ता जवळजवळ हातची गेली. पुढील वर्षी गुलाम कादिरने शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा त्याच्या पारिपत्यासाठी धाडलेल्या फौजेच्या अग्रभागी राणेखानच होता. १७९० मध्ये पाटण व मेडता येथील विजयांनी राजपुतान्यातील गेलेले बळ परत मिळाले.

== अखेर ==

१७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. दोन वर्षांनी वानवडीच्या छावणीत त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री आहे. त्यांना पुत्र नव्हता. पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू दौलतराव त्यांच्या गादीवर बसले.