देशाच्या २५ वर्षं आधी सयाजीरावांनी बालविवाहबंदी आणली, पण ती बडोद्याच्या वेशीवर थांबली

लग्नाचा कायदा कोणी करायचा? प्रत्येक राज्याने आपापला, की दिल्लीने सगळ्यांसाठी एकच? उत्तराखंडने २०२४ मध्ये स्वतःचा समान नागरी कायदा मंजूर केला आणि २७ जानेवारी २०२५ पासून तो लागू केला. तेव्हापासून हा वाद सोशल मीडियावर पुन्हा पुन्हा डोकं वर काढतोय.

पण हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने देशाची वाट न बघता लग्नाचे कायदे केले होते. त्याला किती यश आलं आणि तो कुठे अडला, हे पाहिलं की आजचा वाद बराच सोपा होतो.

कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा राजा झाला

सयाजीराव गायकवाड यांचा जन्म ११ मार्च १८६३ चा. गाव नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे, मूळ नाव गोपाळ. घर गायकवाडांच्याच भाऊबंदकीतलं, पण शेतीवर जगणारं.

१८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना गादीवरून काढलं. मग आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांनी दत्तक मुलगा शोधला. निवड १२ वर्षांच्या गोपाळची झाली आणि त्याचा सयाजीराव झाला. १८८१ च्या डिसेंबरमध्ये राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हाती आला.

त्यांचं स्वतःचं लग्न १८८० मध्ये, कोवळ्या वयातच झालं. पहिली पत्नी चिमणाबाई पाच वर्षांत वारली. त्याच वर्षी त्यांचं दुसरं लग्न झालं. या दुसऱ्या पत्नीचं नावही चिमणाबाईच ठेवण्यात आलं. पुढे १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी याच होत्या.

राजा कायदा कसा करू शकला?

तेव्हा देशाचे दोन भाग होते. एक ब्रिटिशांच्या थेट ताब्यातला मुलूख आणि दुसरा साडेपाचशेहून जास्त संस्थानांचा. संस्थानांवर इंग्रजांची नजर असायची, पण आतला कारभार राजाचा.

१८५७ नंतर इंग्रज लोकांच्या धार्मिक रीतीभातींत हात घालायला कचरत होते. १८९१ मध्ये संमतीवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून १२ केलं, तेव्हाही पुण्यात केवढं रान उठलं होतं. लोकमान्य टिळक त्या विरोधाच्या आघाडीवर होते. सर्वांसाठी लग्नाचं वय ठरवणारा कायदा मात्र ब्रिटिश मुलखात नव्हताच.

संस्थानांना ही अडचण नव्हती. म्हैसूरने १८९४ मध्ये ८ वर्षांखालच्या मुलींच्या लग्नावर बंदी घातली. सयाजीराव त्यापुढे गेले. १९०४ मध्ये बडोद्याने बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. मुलीसाठी किमान वय १२, मुलासाठी १६. मोडणाऱ्याला दंड.

आज १२ हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण त्या वेळी बडोद्याच्याच उत्तर भागात कडवा पाटीदार समाजात दहाएक वर्षांतून एकदाच मुहूर्त निघायचा. पुढचा मुहूर्त लांब, म्हणून पाळण्यातल्या बाळांचीही लग्नं लागायची.

कायदा आला, मग पुढे?

अनेकांनी दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चातच धरली. दंड भरला आणि लग्न उरकलं.

दुसरी अडचण नकाशाची होती. बडोदा संस्थान एकसंध नव्हतं. बडोदा, नवसारी, कडी आणि अमरेली असे त्याचे तुकडे गुजरातभर विखुरलेले, मध्ये ब्रिटिशांचे जिल्हे आणि इतर संस्थानं. एका गावात जो गुन्हा, तो शेजारच्या गावात गुन्हा नाही.

सयाजीरावांनी नुसत्या दंडावर भिस्त ठेवली नाही. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला होता. १९०६ मध्ये तो मुलींसह साऱ्या संस्थानाला लागू झाला. मुलगी शाळेत असेल तर तिचं लग्न लांबेल, असा तो दुसरा रस्ता होता.

घरातलंच लग्न

१९११ मध्ये हा प्रश्न थेट राजवाड्यात आला. राजकन्या इंदिराराजे यांचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी ठरलं होतं. माधवरावांची पहिली पत्नी हयात होती, म्हणजे इंदिराराजे दुसरी बायको होणार होत्या. एका पुरुषाने दोन बायका करणं तेव्हा कायदेशीर होतं, सुधारक बडोद्यातसुद्धा.

इंदिराराजेंनी स्वतःच कळवून ते लग्न मोडलं. त्यांना कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न करायचं होतं आणि आईवडिलांचा त्याला विरोध होता. अखेर १९१३ मध्ये ते लग्न लंडनमध्ये झालं. लग्नाचे कायदे बदलणारा राजा लेकीच्या लग्नाच्या वेळी मात्र जुन्या वळणाचा बाप ठरला.

देशाला जाग कधी आली?

ब्रिटिश मुलखासाठी बालविवाहाचा कायदा १९२९ मध्ये झाला. तोच सारडा कायदा. मुलीचं वय १४, मुलाचं १८, अंमल १ एप्रिल १९३० पासून. म्हणजे बडोद्यानंतर तब्बल २५ वर्षांनी. गंमत म्हणजे आता उलटं घडलं. ब्रिटिश हद्दीतले लोक लग्न लावायला हद्दीबाहेर, संस्थानांमध्ये जाऊ लागले. ही पळवाट बुजवायला १९३८ मध्ये कायद्यात सुधारणा करावी लागली.

तोवर सयाजीराव आणखी पुढे गेले होते. १९३१ मध्ये बडोद्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. अनेक जातींत काडीमोडीची रीत होती, पण जिथे ती नव्हती तिथल्या बाईला सुटकेचा मार्ग नव्हता. बडोद्यातल्या बाईला तो १९३१ मध्ये मिळाला. मुंबई प्रांतातल्या बाईला १९४७ मध्ये. देशातल्या बहुतेक ठिकाणी १९५५ उजाडावं लागलं.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी इंदिराराजेंची मुलगी गायत्रीदेवी जयपूरच्या महाराजांची तिसरी पत्नी झाली. आईने जे नाकारलं, ते लेकीच्या वेळीही कायद्याला मान्यच होतं.

मग संविधानाने काय ठरवलं?

१९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. संविधानात विवाह आणि घटस्फोट हे विषय समवर्ती सूचीत आले. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. दोन्ही कायदे एकमेकांच्या विरोधात गेले तर केंद्राचा चालतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा टिकतो. उत्तराखंडने हाच मार्ग घेतला.

सगळ्या हिंदूंसाठी एक कायदा व्हावा म्हणून स्वतंत्र भारतात झगडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं. त्यातला विवाहाचा भाग १९५५ मध्ये कायदा झाला.

आज नवी मुंबईत लग्नाची नोंद करायची तर ती राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेत होते. पण ते लग्न वैध आहे की नाही, हे हिंदू विवाह कायदा किंवा विशेष विवाह कायदा असे केंद्राचे कायदे ठरवतात.

राज्य की केंद्र, या वादात सयाजीरावांचं आयुष्य दोन्ही बाजूंना काहीतरी सांगतं. सगळा देश तयार होईपर्यंत थांबलं असतं, तर बडोद्यातल्या मुलींच्या एका पूर्ण पिढीला कायद्याचा आधारच मिळाला नसता. पण हद्द ओलांडली की तो आधार संपत होता. त्यामुळे राज्याने पुढे जायला हरकत नाही. मात्र किमान वय, एकपत्नीत्व आणि घटस्फोटाचा हक्क या गोष्टी मुलगी कुठल्या जिल्ह्यात जन्मली यावर ठरता कामा नयेत. त्यांची हमी देशानेच द्यायला हवी.