मौलाना महंमद अली यांची यरुशलेमांतील कबर

नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा गांव आहे. पहिल्या महायुद्धांत सरकारनें तेथें दोघां मुसलमान बंधूंस नजरकैदेंत ठेविलें होतें. त्यांपैकीं धाकट्याची कबर यरुशलेम नगरांत आहे. ती तेथें कशी गेली, हें आमच्या वाचकांस कळावें अशी आमची इच्छा आहे.

मौलाना महंमद अली यांचा जन्म १८७८ सालीं रामपूर संस्थानांत झाला. वडील लवकर वारले. आईनें मुलांस वाढविलें. अलीगड व ऑक्सफर्ड येथें शिकून त्यांनीं १९११ त कलकत्त्यास ‘कॉम्रेड’ हें पत्र काढिलें. तुर्कस्तानचा कैवार घेतल्यामुळें १९१५ सालीं त्यांस थोरले बंधु शौकत अली यांसह स्थानबद्ध केलें. १९१९ च्या डिसेंबरांत बेतूलच्या तुरुंगांतून ते सुटले आणि एका वर्षानें नागपूरच्या काँग्रेसमध्यें गांधीजींच्या असहकाराच्या बाजूस उभे राहिले.

त्या काळीं यरुशलेमांत इंग्रजांचा अंमल होता. तेथें प्राचीन मंदिराच्या पश्चिम भिंतीपाशीं यहूदी प्रार्थना करितात. तीच भिंत मुसलमानांच्या हरम शरीफाची सीमा होय. तिच्या हक्काचा तंटा १९२९ च्या ऑगस्टांत पेटला. पॅलेस्टाईनभर १३३ यहूदी व ११६ अरब मेले. यहूदी अरबांच्या हल्ल्यांत, आणि अरब बहुतेक सरकारी गोळीबारांत.

पुढल्या वर्षीं मौलाना आजारी असतांही गोलमेज परिषदेसाठीं लंडनास गेले. परतंत्र देशांत परतावयाचें नाहीं, असा त्यांचा निश्चय होता. ४ जानेवारी १९३१ रोजीं ते तेथेंच वारले. यरुशलेमचे मुफ्ती अमीन अल हुसेनी यांनीं हरमाच्या पश्चिम बाजूस जागा देऊं केली व २३ तारखेस दफन झालें. यांत मृताचा सन्मान होता, तसें राजकारणही होतें. भिंतीचा तंटा केवळ तेथील अरबांचा नसून हिंदुस्थानच्या मुसलमानांचाही आहे, असें जगास दिसलें. डिसेंबरांत मुफ्तींनीं शौकत अलींच्या साह्यानें तेथें इस्लामी परिषद भरविली. यहूदी पुढाऱ्यांस तिची धास्ती वाटली.

प्रभूच्या वधस्तंभामुळें तें नगर आम्हांसही प्रिय आहे. परंतु आमच्या गांवच्या मुसलमान शेजाऱ्याचें मन तेथें गुंतलें आहे, आणि मराठी बोलणाऱ्या कोंकणच्या बेने इस्राएलांचेंही. म्हणून त्या तंट्याची वार्ता येतांच शास्त्रांतील नांवांवरून एका पक्षास आपला व दुसऱ्यास परका ठरवूं नये, अशी आमची कॅटेकिस्ट बंधूंस विनंति आहे. मंडळीनें प्रार्थना करावी ती दोहों पक्षांच्या घरांतील मृतांचें स्मरण ठेवून करावी.