वनांचा वैद्य : डॉ. अलेक्झांडर गिब्सन

घोडनदीच्या काठी ज्याचे बालपण गेले, त्याला बाभळीची ओळख करून द्यावी लागत नाही. सावली विरळ, काटा लांब. पण लाकूड मात्र चिवट. आमच्या शिरूर-दौंड भागात बैलगाडीचे चाक बाभळीचे, नांगर बाभळीचा, चुलीतले जळण बाभळीचे आणि उन्हाळ्यात शेळीच्या तोंडी पडणारी शेंगही बाभळीचीच. या बाभळीनेच मला एका परक्या माणसाच्या चरित्रापर्यंत नेले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझी आजी आपल्या तरुणपणीची एक हकिकत नेहमी सांगे. नदीकाठच्या राखीव रानात ती वाळक्या फांद्या गोळा करायला गेली असता रखवालदाराने तिचा कोयता हिसकावून घेतला. तो कोयता काही परत मिळाला नाही आणि नवा घ्यायला पैसे साठेपर्यंत दोन बाजार गेले. झाड देवाने उगवले, पाऊस देवाने पाडला, मग मध्येच सरकार कोठून आले, असा तिचा प्रश्न असे. मला त्याचे उत्तर देता येत नसे. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात त्या उत्तराचा शोध घेऊ लागलो आणि धागा जाऊन पोहोचला तो मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यापाशी.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८२५ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरले. प्रारंभी त्यांनी कंपनीच्या आरमारात काम केले. येथल्या लोकांत राहायचे तर त्यांची भाषा आली पाहिजे, हे ओळखून ते हिंदुस्थानी, मराठी आणि गुजराती शिकले. १८३६ साली दख्खन व खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. हे काम खुर्चीत बसून करण्यासारखे नव्हते. गावोगाव हिंडायचे, आयांची समजूत घालायची आणि रडणाऱ्या पोरांच्या दंडावर लस टोचायची. अशा हिंडण्यात माणसाला केवळ रोगीच दिसत नाहीत. आटलेली विहीर दिसते, उघडा पडलेला डोंगर दिसतो आणि जळणासाठी कोसभर चालणारी बाईही दिसते. गिब्सन यांच्यातील वनाधिकारी या पायपिटीतूनच घडला, असे मला वाटते.

१८३८ साली त्यांच्याकडे पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पतिउद्यानाची व्यवस्था आली. दापोडीची ही जागा १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत सरकारने विकत घेतली होती. गिब्सन यांनी तिला केवळ शोभेची बाग राहू दिले नाही. उपयोगी झाडांची रोपे व बी तयार करून ते बाहेर पोहोचवणे, हे त्यांनी बागेचे काम मानले. दुसरी बाग जुन्नरच्या बाजूला नारायणगावाजवळ हिवरे येथे होती. तिथे सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड करून तो माल सरकारी औषधभांडाराला पुरवला जाई. परदेशी औषधाची वाट पाहण्यापेक्षा येथल्या मातीत जे उगवते ते वापरावे, हा त्यामागचा सरळ व्यवहार होता.

आमच्या भागाला या हिवऱ्याचे एक नाते आहे. नारायणगावची मीना नदी पुढे घोड नदीला मिळते, घोड शिरूरवरून वाहत जाऊन भीमेला मिळते आणि तीच भीमा दौंडावरून पुढे पंढरपूरला जाते. त्या शिवाराचे पाणी अशा रीतीने आमच्या दारावरून जात आले आहे. आजोळी जाताना नारायणगावावरून मी किती वेळा एस.टी.ने गेलो असेन. पण हे ठाऊक नसल्याने खिडकीबाहेर कधी कुतूहलाने पाहिले नाही.

दापोडीच्या बागेची आणखी एक आठवण शिल्लक आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून तेथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. त्यांपैकी सुमारे १७० चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत. हा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता. मात्र त्याचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. साहेबाचे नाव राहिले, हाताचे नाव गेले.

१८४७ साली गिब्सन यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यात आले. संपूर्ण हिंदुस्थानचे वनखाते निघाले ते पुढे १८६४ साली. तेव्हा वनशास्त्र शिकवणारी शाळा या देशात नव्हती. डेहराडूनची शाळा निघाली १८७८ साली, म्हणजे गिब्सन यांच्या निधनानंतर ११ वर्षांनी. त्यांचा गुरू म्हणजे रान आणि पुस्तक म्हणजे रानच. वस्तुतः राज्यकर्त्याने झाडांची चिंता वाहणे आपल्याकडे नवीन नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवताना रयतेचे आंबे-फणस तिच्या राजीखुषीशिवाय तोडू नयेत, अशी ताकीद आहे. कंपनीलाही जहाजांसाठी साग हवा होता. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाल्यावर रेल्वेसाठीही लाकडाची मागणी वाढली.

सरकारला लाकूड हवे होते. गिब्सन यांची नजर पाण्यावर होती, हे त्यांचे वेगळेपण. कोकणात हिंडताना त्यांना दिसले की डोंगरमाथ्यावरील झाडी तुटली की खालचे झरे आटतात, पावसाने सुटलेली माती वाहून येते आणि खाड्या गाळाने भरतात. ही गोष्ट त्यांनी सरकारला अहवालांतून पुन्हा पुन्हा कळवली. रोग्याच्या नाडीवर हात ठेवावा तसा हात त्यांनी डोंगराच्या नाडीवर ठेवला होता. आज पाणलोटक्षेत्र हा शब्द शाळकरी मुलालाही माहीत आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तसे नव्हते.

बागांची व्यवस्था आणि वनांची फिरती सांभाळतच त्यांनी वनस्पतींचा अभ्यास चालू ठेवला. १८६१ साली त्यांचा व एन. ए. डाल्झेल यांचा मिळून मुंबई इलाख्यातील वनस्पतींची ओळख करून देणारा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे वनसंरक्षकाचे पदही डाल्झेल यांच्याकडेच गेले. गिब्सन मायदेशी परतले आणि १८६७ साली त्यांचे निधन झाले. सह्याद्रीतील एका आमरीला आजही शास्त्रीय भाषेत त्यांचेच नाव आहे.

चरित्र येथे संपवले असते तर ते गोड झाले असते. पण मग आजीच्या कोयत्याचे काय?

गिब्सन यांचा एक कटाक्ष होता. डोंगरउतारावर झाडी तोडून, जाळून राबावर पीक घेणारी कुमरी शेती त्यांना अजिबात मान्य नव्हती आणि तिच्यावर बंधने आणण्याचा त्यांनी आग्रह धरला. त्या शेतीवर ज्यांचे पोट होते, त्यांनी कोठे जावे, याचे उत्तर त्या धोरणात नव्हते. त्यांच्यानंतर बंधनांची ही वाट रुंद होत गेली. १८६५ साली पहिला वनकायदा आला आणि १८७८ सालच्या कायद्याने राखीव जंगलांची पकड घट्ट केली. तो काळ आमच्या भागासाठी कसा होता? १८७५ साली सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि त्याचे लोण शिरूरपर्यंत पोहोचले. लगोलग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. ज्या वर्षी दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, त्याच १८७८ साली हा कायदा झाला. भुकेल्या गावाला चाऱ्याची आणि जळणाची गरज सर्वांत जास्त होती, नेमके तेव्हाच कुंपण आले. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या वनखात्यावरही आसूड ओढला आहे. शेतकऱ्याची रानावरची जोडकमाई आणि गुरांची चराई कशी बुडाली, हे त्यांनी दाखवून दिले. आजीचा प्रश्न तिच्या जन्मापूर्वीच पुण्यात विचारला गेला होता!

मग गिब्सन यांना थोर म्हणावे की दोषी धरावे? मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. नंतरच्या कायद्यांचे सारे माप त्यांच्या पदरात घालणे न्यायाचे नाही. १८७८ चा कायदा झाला तेव्हा ते हयातही नव्हते. त्यांचे निदान अचूक होते. झाड गेले की पाणी जाते, हे आमच्या शिरूर-दौंडच्या कोणत्याही दुष्काळी गावाला विचारावे. पण औषध देताना घरच्या माणसांनाच दाराबाहेर काढले गेले. देवी टोचायला निघालेल्या डॉक्टरला ठाऊक होते की आईची समजूत पटल्याशिवाय मूल हाती येत नाही. तीच गोष्ट रानाच्या बाबतीत सरकार विसरले.

आज शिरूर तालुक्यात उसाच्या फडात बिबट्या राहतो आणि संध्याकाळी पोरांना अंगणात सोडायला आया घाबरतात. रान आणि गाव यांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही, हेच यावरून दिसते.

आजी आता नाही. तिला हे सारे सांगायचे राहून गेले. येत्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण नदीकाठी खड्डे खणू, रोपे लावू. त्याआधी एक संध्याकाळ गावाच्या पारावर बसावे, अशी माझी सूचना आहे. कोणते झाड हवे, शेंगा कोणाच्या शेळ्यांना मिळतील, वाळके जळण कोणी न्यायचे, हे बायाबापड्यांना विचारून ठरवावे. मग त्या रोपांवर रखवालदार नेमण्याची पाळी बहुधा येणार नाही.