पाच मतांनी संसदेत पोहोचलेले दादाभाई नौरोजी

निवडणूक आली की मोमिनपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर एकच विषय असतो. आपला माणूस कुठे आहे? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांवरून एकही मुस्लिम खासदार दिल्लीला गेला नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती आमच्याही मनात आहे. पण या चर्चेत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, आपण इतके थोडे, आपल्या मताने काय होणार? दुसरी, आपल्या नावाचा कुणीही निवडून आला म्हणजे झाले. वर्गात इतिहास शिकवताना दादाभाई नौरोजींचे नाव आले की आम्हाला या दोन्ही गोष्टी आठवतात. कारण त्यांच्या आयुष्यात दोन्हींचे उत्तर सापडते.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घर पारशी, धर्मगुरूंचे, पण गरीब. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी जिवाचे रान केले. मुंबईतल्या ज्या शाळेत दादाभाई शिकले तिथे फी नव्हती. लोकांच्या पैशावर आपण शिकलो, तेव्हा आपले इल्म लोकांच्या कामी आले पाहिजे, ही गोष्ट त्यांनी मनाशी बांधून ठेवली. पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

१८४९ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा सुरू केल्या. हे तरुण घरोघर जाऊन पालकांना विनवायचे की मुलीला शिकू द्या, हवे तर तुमच्याच ओसरीवर येऊन शिकवतो. काही बापांनी त्यांना पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी दिली. पटनोंदणीसाठी वस्तीत फिरणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांना हे चित्र अनोळखी नाही.

१८५१ मध्ये मुंबईत पारशी आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली. तिच्यानंतर दादाभाईंनी पारशी समाजाची बाजू मांडण्यासाठी रास्त गोफ्तार हे पत्र काढले. नावाचा अर्थ उर्दू जाणणाऱ्यांना सांगायला नको: सच बोलनेवाला. त्यांची सुरुवात अशी आपल्या समाजापुरती होती, आणि तीही आपल्याशीच झालेल्या भांडणातून, हे लपवायचे कारण नाही. मोठेपण यात आहे की ते तिथेच थांबले नाहीत. पुढे काँग्रेसच्या कामात हेच दादाभाई बद्रुद्दीन तय्यबजींचे सहकारी झाले.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. कंपनीचा अफू आणि दारूचा व्यापार त्यांना पटला नाही, म्हणून त्यांनी ती सोडली. लंडनमध्ये राहून ते एकच हिशेब मांडत राहिले. हिंदुस्थानातून दरसाल किती पैसा बाहेर जातो आणि परत किती येतो? त्यांनी काढलेले माणशी सरासरी उत्पन्न वर्षाला अवघे २० रुपये होते. गणिताच्या मास्तराने सरकारचेच आकडे घेऊन सरकारला धरले. शाळेच्या पुस्तकात ज्याला आर्थिक निःसारणाचा सिद्धांत म्हणतात तो हाच.

पण हिशेब ऐकणार कोण? हिंदुस्थानचे निर्णय लंडनच्या संसदेत व्हायचे आणि तिथे हिंदुस्थानची एकही जागा नव्हती. मग दादाभाईंनी ठरवले की इंग्लंडच्याच एखाद्या मतदारसंघातून उभे राहायचे. १८८६ मध्ये होबर्नमधून लिबरल पक्षातर्फे लढले आणि हरले. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी एका सभेत बोलून गेले की इंग्रज मतदार एका काळ्या माणसाला निवडून देतील असे त्यांना वाटत नाही. हा अपमान त्यांच्यावरच उलटला. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि ज्यांना दादाभाई माहीत नव्हते त्यांनाही माहीत झाले.

जुलै १८९२. लंडनमधला सेंट्रल फिन्सबरी हा कारागीर आणि कामगारांचा मतदारसंघ. तिथे पारशी किती, हिंदुस्थानी किती? बोटावर मोजण्याइतकेही नाहीत. दादाभाई सहा वर्षे मेहनत करत होते. आयर्लंडची स्वायत्तता, स्त्रियांना मताचा हक्क, कामगारांचे प्रश्न, जे त्या लोकांचे दुखणे ते त्यांनी आपले मानले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला. निकाल लागला तेव्हा ते फक्त ५ मतांनी निवडून आले होते. लोकांनी नौरोजी या नावाची गंमत करून त्यांना नॅरो मेजॉरिटी म्हणायला सुरुवात केली. त्यांच्याआधी १८४१ मध्ये डाईस सोम्ब्र नावाचे मिश्र वंशाचे गृहस्थ निवडून आले होते, पण ती निवड रद्द झाली. दादाभाईंनी मात्र आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली आणि सभागृहात बसले.

तिथे त्यांनी काय केले? आयसीएसची परीक्षा फक्त लंडनला व्हायची. गरीब घरच्या मुलाने तिथे जायचे कसे? ही परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी व्हावी, हा ठराव जून १८९३ मध्ये ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. ठराव जिंकूनही न्याय मिळाला नाही, असे संसदेत तेव्हाही व्हायचे.

१८९५ मध्ये दादाभाई हरले. त्याच निवडणुकीत दुसरे पारशी गृहस्थ, मंचेरजी भावनगरी, कंझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे निवडून आले. एकच समाज, एकच शहर मुंबई, पण भूमिका उलटी. काँग्रेसच्या मागण्यांना भावनगरींचा विरोध होता. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी ते पुढे बोलले, हेही खरे. १९२२ मध्ये तिसरे पारशी शापुरजी सकलातवाला गेले, ते कम्युनिस्ट. तिघेही एका चिमुकल्या समाजाचे. नुसते नाव पाहून मत दिले असते तर तिघे सारखेच म्हणावे लागले असते.

दादाभाई थकले नाहीत. १९०६ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी ते तिसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. कलकत्त्याच्या त्या अधिवेशनात त्यांचा आवाज पोहोचेना, म्हणून भाषण गोखल्यांनी वाचले. तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जिना तेव्हा त्यांचे सचिव होते. त्याच व्यासपीठावरून दादाभाईंनी स्वराज्य हा शब्द उच्चारला. पुढचे अधिवेशन आपल्या नागपूरला व्हायचे होते, पण जहाल-मवाळ वादामुळे ते सुरतेला हलवले आणि तिथे काँग्रेस फुटली. ३० जून १९१७ रोजी, ९१ व्या वर्षी, मुंबईत दादाभाई गेले.

आता टपरीवरच्या त्या दोन गोष्टींकडे वळू. आपल्या मताने काय होणार? पाच मते म्हणजे किती? आमच्या मोहल्ल्यात एका घराची. अम्मी, अब्बा, दोन मुले आणि एक सून. फिन्सबरीत दादाभाईंच्या मूठभर मतदारांनी आळस केला असता तर निकाल वेगळा लागला असता. दुसरी गोष्ट, आपला माणूस कोण? आमच्या मते जो आपल्या पोराच्या परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा, पॉवरलूमच्या वीजबिलाचा प्रश्न हिशेबासकट सभागृहात मांडेल तो आपला. तो आपल्यातलाच असेल तर फारच छान, आणि आपल्यातली पोरे तिथे पोहोचावीत यासाठी झटलेच पाहिजे. पण अशा पोराने शेजारच्या वस्तीचे दुखणेही आपले मानायला शिकावे. फिन्सबरीच्या कामगारांनी दादाभाईंना मत दिले ते याच भरवशावर.

या आठवड्यात एवढे करू या. घरात कुणाला १८ वर्षे पूर्ण झाली असतील तर मतदार यादीत त्याचे नाव आहे का ते बघू. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरीच राहिले असेल तर ते इकडे आणू. आजीचे नाव यादीत चुकीचे छापले असेल तर दुरुस्त करून घेऊ. पाच मते अशीच जमतात.