मेंदूचा नकाशा आणि चित्रकलेचा तास

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यावयाचा, हा आपल्या अनेक शाळांचा शिरस्ता आहे. तो निरुपद्रवी वाटणाऱ्यांनी सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचे चरित्र जरूर पाहावे.

१८५२ साली एका खेड्यात जन्मलेल्या काहाल यांना चित्रकार व्हावयाचे होते. शल्यवैद्य असलेल्या वडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. या उनाड मुलाला त्यांनी केशकर्तनाच्या दुकानात आणि पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवले. पुढे मात्र दफनभूमीतील हाडांची चित्रे काढावयास लावून शरीरशास्त्राची गोडीही त्यांनीच लावली. १८७३ मध्ये काहाल वैद्यकीचे पदवीधर झाले. लष्करी डॉक्टर म्हणून क्युबात गेले आणि मलेरियाने खंगून परतले.

१८८७ मध्ये इटलीच्या गोल्जी यांची रंजनपद्धती त्यांच्या पाहण्यात आली. तीत मोजक्याच चेतापेशी काळ्या होऊन त्यांच्या फांद्या स्पष्ट दिसत. मेंदू म्हणजे एकसंध जाळे, असे गोल्जी मानीत. काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून असंख्य रेखाटने केली आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असल्याचे दाखविले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. मतभेद तसाच राहिला. काहाल १९३४ मध्ये निवर्तले. पुढे १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधील फट दाखविली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले.

त्यांचे काम आता सामान्य नागरिकांच्या हाती आले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत ‘आयवायर’ हा संगणकीय खेळ सुरू झाला. उंदराच्या दृष्टिपटलाच्या अतिसूक्ष्म कापांची छायाचित्रे पाहून चेतापेशीची फांदी एका कापातून दुसऱ्या कापात शोधीत जावयाची, हा तो खेळ. संगणक जेथे चुकतो, तेथे खेळाडूची नजर दुरुस्ती करते. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा १,३९,२५५ चेतापेशींचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. त्याच्या तपासणीतही अशा हौशी नागरिकांचा हातभार होता.

दिघीत संरक्षण संशोधन संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सभोवार कारखाने आहेत. अशा यंत्रमय परिसरात चित्रकला गौण वाटणे स्वाभाविक होय. परंतु यंत्राची चूक ओळखण्यास रेषेचा माग न कंटाळता घेणारी नजर लागते, आणि ती चित्रकलेच्या तासाला घडते. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांकडे केवळ वाढीव गुणांसाठी पाहणाऱ्या शाळांनी व पालकांनी हे ध्यानी घ्यावे. काहाल यांच्या वडिलांनी निदान हाडे रेखाटण्यापुरती तरी मुलाच्या हाती पेन्सिल राहू दिली होती. आपण तीही काढून घेऊ नये.